चौकट : दंड भरायला पैसे नाहीत, मग?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा – जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातल्या मजुराला हे हक्क ठाऊक असायलाच हवेत.

● हप्ते : शिक्षा फक्त दंडाची असेल, तर न्यायालय बंधपत्र घेऊन 30 दिवसांपर्यंतची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 464).

● अवाजवी दंड नको : कायद्याने कमाल रक्कम ठरवलेली नसली, तरी दंड अवाजवी असता कामा नये (भारतीय न्याय संहिता, कलम 8).

● कैद थांबते : दंड न भरल्यामुळे भोगावी लागणारी कैद पैसे भरताच संपते. काही रक्कम भरली, तर त्या प्रमाणात कमी होते.

● सरकारी मदत : गरीब कैद्यांसाठीच्या 2023 च्या केंद्रीय योजनेत सुरुवातीला दंडासाठी 25,000, तर जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. काही कायद्यांखालील गंभीर गुन्हे वगळले आहेत.

● वाहनचालक परवाना : मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली परवानाधारकास अपात्र ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते.

● मोफत वकील : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, वाशीम. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

काय बदलायला हवे? दंड ठरवतानाच न्यायालयाने मिळकत विचारावी आणि हप्त्यांचा पर्याय स्वतःहून सांगावा. ज्याची रोजीरोटी ऑटोवर चालते, त्याचा परवाना केवळ थकबाकीपोटी अडवला, तर दंड फेडण्याची वाटच बंद होते.