विश्लेषण : एकच पदार्थ कधी वाहक, कधी रोधक… त्यातून नवी मेमरी घडेल?

मोबाइल किंवा लॅपटॉप वापरताना तापतो, त्यामागे माहिती साठवण्यासाठी आणि तिची ने-आण करण्यासाठी चिपमध्ये खर्च होणारी वीज हेही एक कारण असते. ‘डीरॅम’ प्रकारच्या मेमरीतील प्रत्येक नोंद सेकंदाला अनेकदा ताजी करावी लागते. वीज गेली की नोंद पुसली जाते. क्षणात स्थिती बदलणारा आणि ती विजेशिवाय टिकवणारा पदार्थ म्हणून टॅन्टलम डायसल्फाइडकडे पाहिले जाते. २०२५ मध्ये त्याच्या आधारे ‘हजारपट वेगवान’ इलेक्ट्रॉनिक्सच्या बातम्या आल्या. त्यात तथ्य किती?

हा पदार्थ कसा असतो?

टॅन्टलम हा संक्रमण धातू. त्याच्या अणूंचा एक थर आणि त्याच्या वर-खाली गंधकाचा एकेक थर, असे तीनपदरी पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्यांमधील बंध दुबळे असल्याने ग्राफाइटप्रमाणे ते सोलता येतात. या पदार्थाची अणुरचना एकाहून अधिक प्रकारची असते. त्यातील ‘१टी’ या प्रकाराची ही चर्चा आहे.

इलेक्ट्रॉन ‘रांगेत’ का उभे राहतात?

मधल्या सुट्टीत मुले मैदानभर धावतात. घंटा झाली की ठरलेल्या जागी उभी राहतात. धातूतील इलेक्ट्रॉन हे सुट्टीतल्या मुलांसारखे असतात. या पदार्थात मात्र तापमान उतरले की ते ठरावीक अंतराने कुठे दाट, कुठे विरळ होतात आणि त्यांच्याबरोबर अणूही किंचित सरकतात. याला ‘चार्ज डेन्सिटी वेव्ह’ म्हणतात. जे. ए. विल्सन, एफ. जे. डी साल्व्हो आणि एस. महाजन यांनी १९७५ मध्ये अशा थरयुक्त पदार्थांतील या लहरींचा सविस्तर आढावा घेतला होता.

तापमानानुसार काय बदलते?

सुमारे ७७ अंश सेल्सिअसच्या वर ही लहर अणूंच्या जाळीशी जुळत नाही. त्याखाली ती तुकड्या-तुकड्यांनी जुळते. थंड करत उणे ९० अंशांच्या आसपास आणले की ती पूर्ण जुळते आणि विद्युतरोध एकदम सुमारे दसपट वाढतो. या वेळी १३-१३ टॅन्टलम अणू षट्कोनी चांदणीच्या आकारात एकत्र येतात. प्रत्येक अणूचा एक असे १३ इलेक्ट्रॉन. त्यांपैकी १२ जोड्यांत गुंततात आणि उरलेला एक चांदणीच्या मध्यात अडकतो, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. शेजारच्या चांदणीवर उडी मारावी, तर तिथला इलेक्ट्रॉन त्याला दूर ढकलतो. मात्र हा रोध पापुद्रे एकमेकांवर कसे रचले गेले आहेत यामुळेही येतो, असे मानणारे संशोधक आहेत. पुन्हा तापवताना हा पदार्थ त्याच तापमानाला मूळ स्थितीत येत नाही, उशिरा येतो. म्हणजे मागची स्थिती त्याच्या ‘लक्षात’ राहते.

‘छुपी’ अवस्था काय आहे?

२०१४ मध्ये स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील योझेफ स्टेफान संस्थेतील संशोधकांनी अतिथंड अवस्थेतील या पदार्थावर ३५ फेम्टोसेकंदांचा एकच लेझर स्पंद सोडला. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग. रोधक पदार्थ वाहक झाला आणि स्पंद संपल्यावरही तसाच राहिला. नुसते हळूहळू थंड किंवा गरम करून ही अवस्था मिळत नाही, म्हणून ती ‘छुपी’. तिच्यात चांदण्यांची शिस्त मोडून लहान-लहान पट्टे तयार होतात. गरम केले की मूळ अवस्था परतते. लिहिणे, टिकवणे आणि पुसणे, मेमरीला लागणारे हे तिन्ही गुण इथे आहेत.

मग अडचण कुठे?

तापमानात. ती अवस्था साधारण उणे २०० अंशांखालीच टिकत होती. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पदार्थ झपाट्याने थंड करून छुपी धातुरूप अवस्था उणे ६३ अंशांपर्यंत टिकवल्याचे दाखवले. प्रगती मोठी आहे. पण खिशातल्या मोबाइलचे तापमान त्याहून सुमारे १०० अंशांनी जास्त असते. खोलीच्या तापमानाला काम करणारे उपकरण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या संशोधकांनी २०१६ मध्ये बनवले होते. मात्र ते ७७ अंशांजवळच्या अवस्थांतरावर चालणारे आंदोलक होते, मेमरी नव्हे.

म्हणजेच वेग प्रयोगशाळेत सिद्ध झाला आहे, टिकाऊपणा थंडीपुरताच. ‘हजारपट’ हा आकडा एका स्थितीबदलाच्या वेगाचा आहे, बाजारात येऊ घातलेल्या फोनचा नाही. पुढची अशी बातमी वाचताना आधी एकच आकडा शोधावा : हे किती तापमानाला जमले?