जुना टेपरेकॉर्डर आणि काळी चार

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, युनियनची पावतीपुस्तके, एक डफली आणि टेपची चार स्पूल. एका खोक्यावर शाईने लिहिलेले आहे, ‘जयंती १९७६, जलसा’. त्या जलशात आप्पा पुढे उभे राहून गायचे. २००९ साली ते गेले. त्यांचे फोटो आहेत, पण आवाज घरात कुठेच नव्हता. होता तो या खोक्यात, आणि खोके बोलते करणारे यंत्र आमच्याकडे कधीच नव्हते. चेंबूरच्या वस्तीत तेव्हा रेकॉर्डर आणला होता लाउडस्पीकरवाल्याने. जर्मन बनावटीचा ग्रुंडिग, असे आई सांगते. तो माणूसही गेला आणि त्याचा रेकॉर्डरही.

आई आता बहात्तर वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ट्रंकेत ओल शिरली आणि दोन खोक्यांना बुरशी दिसली, तेव्हा ठरवले की आता थांबायचे नाही.

या टेपचा इतिहास थोडक्यात सांगतो. कागदाच्या पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवून आवाज साठवण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली काढली. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांनी पाहिले. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि मग घराघरांत कॅसेटच आली. आपली भीमगीते बहुतेकांनी कॅसेटवरच ऐकली. त्याआधीचे जे काही आहे ते अशा पाव इंच रुंदीच्या स्पूलवर आहे.

शुक्रवारी पहाटे मटण स्ट्रीटच्या आसपास जुमा बाजार भरतो. ऑफिसला जाण्याआधी मी तीन शुक्रवार तिथे हिंडलो. विक्रेता सांगतो, ‘चालू कंडिशन’. बटण दाबले की चाकरी फिरते, आपण खूश होतो. पण चाकरी फिरणे आणि आवाज येणे यात फार अंतर आहे. माझा सल्ला असा की, घेताना एक फालतू टेप बरोबर न्यावी आणि ती वाजवून बघावी. नाही वाजली तर ‘बंद माल’ म्हणूनच भाव करावा. मी नऊ हजार दिले. माझ्या पगाराला ते झेपणारे नव्हते, हे कबूल करतो. पत्नीने दोन दिवस अबोला धरला.

यंत्र जपानी, साधारण १९७० च्या सुमाराचे. मागे व्होल्टेजचा खटका होता आणि तो २२० वर होता. तेवढे पाहून मी निश्चिंत झालो. चूक इथेच झाली, पण ती कळायला दोन महिने लागले.

घरी आणून मी थेट प्लग लावला नाही. आमच्या इलेक्ट्रिशियन मित्राने सिरीज बल्ब लावायला शिकवले होते. शंभर वॅटचा जुना, तार असलेला दिवा यंत्राच्या मार्गात जोडायचा. दिवा पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. तो क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. आणि उघडलेल्या यंत्रात उगाच हात घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रात तर दोनशे-तीनशे व्होल्ट असतात. जाणकार शेजारी बसवल्याशिवाय मी झाकण काढले नाही.

आत पट्ट्याचे डांबर झाले होते. रबर पन्नास वर्षांत असे वितळते की बोटाला लागले तर तीन दिवस निघत नाही. ते स्पिरिटने पुसले, नवा पट्टा लॅमिंग्टन रोडवरून आणला, फुगलेले चार कपॅसिटर बदलले, मोटरला दोन थेंब तेल दिले. टेपला ओढणारा रबरी रोलर दगडासारखा कडक झालेला, तो हलक्या पॉलिशपेपरने घासला. आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी थर होता. तो कापसाने काढताना मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, कारण हेड चरली तर सगळेच गेले.

मग स्पूल. ती आधी उजेडासमोर धरावी. कडेने उजेड आरपार दिसला तर टेप अ‍ॅसिटेटची, तिला कधी व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती कटकन तुटते. उजेड दिसला नाही तर पॉलिएस्टरची, ती तुटण्याआधी ताणली जाते. आमची पॉलिएस्टरची निघाली. बुरशी कोरड्या मऊ कापडाने, घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून पुसली. तुटलेली टेप जोडायला साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. जोडण्याची वेगळी पट्टी मिळते.

रविवारी सगळ्यांना बसवून टेप लावली. टाळ्या आल्या, ढोलकी आली, आणि मग एक जड, दमलेला आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आई मात्र ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे तुझे आप्पा नव्हेत.”

मला रागच आला. टेप खराब झाली असेल, वय झाल्यामुळे तिला आठवत नसेल, असे मी मनात म्हटले. त्या जलशात पेटी वाजवणारे काका अजून आहेत, ऐंशीच्या घरात. त्यांना बोलावले. त्यांनी पेटी उघडली आणि टेपच्या सुरावर बोट ठेवले. “हे पांढरी चारमध्ये चाललंय,” ते म्हणाले. “तुझा बाप काळी चारला गायचा. मी सहा वर्षं वाजवलंय.”

मी बी. कॉम. झालेला माणूस, सूर मला कळत नाही, हिशेब कळतो. खोक्यावर टेपची लांबी १८० मीटर छापलेली होती. वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे एक बाजू साडेएकतीस मिनिटांत संपायला हवी. घड्याळ लावले तर अडतीस मिनिटे लागली. म्हणजे वेळ एक पंचमांशाने जास्त. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. अशा एसी मोटरचा वेग हर्ट्झवर चालतो, व्होल्टेजचा खटका त्याला काही करत नाही. अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र मुंबईत एक षष्ठांश मंद चालत होते आणि गाणारा तीन पट्ट्या खाली उतरत होता. आई आणि काका दोघेही बरोबर होते. मी आईची माफी मागितली.

उपाय कुर्ल्याला मिळाला. वस्तीतला एक मुलगा लेथवर काम करतो. मोटरची पुली १० मिलिमीटरची होती. त्याने पितळेची १२ ची काढून दिली. एक दशांश मिलिमीटर चुकले तरी वेगात एक टक्का फरक पडतो, म्हणून त्याने तीनदा मोजले. पैसे घेईना, तेव्हा चारशे रुपये त्याच्या खिशात कोंबले.

आणखी एक गंमत. आमची टेप मोनोची, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि यंत्र स्टिरिओ. त्यामुळे डाव्या स्पीकरवर जलसा आणि उजव्यावर दुसरी बाजू उलटी वाजायची. आधी वाटले कोणी परदेशी भाषेत बोलतेय! उजवा स्पीकर काढून टाकला. कॉम्प्युटरवर उतरवतानाही डावाच घेतला.

पुली बसवून टेप लावली तेव्हा काकांनी काळी चार दाबून धरली आणि आप्पांचा आवाज तिच्यावर येऊन बसला. आई काही बोलली नाही. कोरस सुरू झाल्यावर तिने हळूच नावे घेतली, हा कोण, ती कोण. सातांतले दोघे आज आहेत.

मग टेप उलटून दुसरी बाजू लावली. तिथे जलसा संपला होता आणि रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. दहा मिनिटे नुसती खुर्च्यांची खडखड आणि एक तरणी बाई रॉकेलच्या रांगेवरून कोणाशी तरी तावातावाने भांडत होती. आईने पदर तोंडाला लावला.

“अगं बाई,” ती म्हणाली, “मी एवढ्या मोठ्यानं बोलत होते?”