चौथ्या रकान्याची शाई

वसईतल्या एका चर्चच्या आवारात, मुलांच्या धर्मशिक्षणासाठी बांधलेल्या खोलीत, संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जातात. मांडणारा बहुधा सगळ्यांत नवा माणूस असतो. हात अजून थरथरत असतात, नजर वर होत नाही. त्याला कुणी बोलायचा आग्रह करत नाही, खुर्च्या मात्र मांडायला लावतात. चहा जुना सभासद करतो आणि त्यात साखर सढळ हाताने घालतो. दारू थांबली की शरीर गोड मागतं, हे इथे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा. एरवी ती फक्त मद्यपींसाठी असते. खुली सभा असेल तेव्हा बाहेरच्यांनाही बसता येतं. घरातल्या एका माणसामुळे मी अशा खुल्या सभांना जाऊ लागले.

आमच्या भागात दारू सोडायची ठरलेली वाट आहे. रिट्रीटला जायचं, वेदीपुढे शपथ घ्यायची, ढसाढसा रडायचं, घरी येऊन बाटल्या फोडायच्या. ते रडणं खोटं नसतं. पण लग्नसराई येते, कुणाच्या तरी हळदीला ग्लास पुढे होतो आणि शपथ मोडते. मग माणूस देवापासूनही तोंड लपवतो, मिस्साला जायचं बंद करतो. श्रद्धेनं व्यसन सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मात्र श्रद्धेचं खरं काम शपथेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि ते किचकट, रोजचं, बिनकौतुकाचं असतं.

सभेला येणाऱ्या, वाडीत भाजी पिकवणाऱ्या एका काकांनी मला त्यांची वही दाखवली. नाव लिहायचं नाही, बाकी काय लिहायचं ते लिही, म्हणाले. शाळेची साधी वही, पट्टीने आखलेले चार रकाने. पहिल्यात ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात आपलं काय दुखावलं, चौथ्यात आपली स्वतःची चूक. पहिलं नाव थोरल्या भावाचं होतं. कारण: वाटणीत विहिरीकडची जमीन त्याने घेतली. दुखावलं काय: मान, पैसा. हे तिन्ही रकाने निळ्या शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखे. चौथा काळ्या शाईत. तो काही महिने कोराच होता. तिथे लिहिलं होतं: ‘वाटणीच्या दिवशी मी प्यालो होतो. कागद न वाचता सही केली.’

ही वही काकांनी फादरांना वाचून दाखवली. त्याआधी वर्षानुवर्षे पापनिवेदनात ते एकच वाक्य सांगत आले होते, दारू प्यालो म्हणून. या वेळी संध्याकाळ सरली तरी वाचन संपेना. पुढे सभेच्या बारा पायऱ्यांपैकी भरपाईची पायरी आली. वाण्याची जुनी उधारी, जी वाण्याने केव्हाच बुडीत धरली होती, ती दर शनिवारी थोडी थोडी फेडली. भावाकडे जाताना फादरांनी बजावलं होतं, विहिरीचा विषय काढायचा नाही. काकांनी तो काढला नाही. आपली चूक तेवढी सांगितली आणि परतले. भाऊ आजही कामापुरतंच बोलतो. काकांच्या वहीत त्या नावापुढे तरीही खूण केलेली आहे, कारण त्यांच्या वाटचं त्यांनी केलं होतं.

या पद्धतीचं मूळ ख्रिस्ती आहे. आत्मपरीक्षण, दुसऱ्यापाशी कबुली, नुकसानभरपाई आणि शांत बसून देवाचं ऐकणं ही फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुपची शिकवण होती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा एक संस्थापक, न्यू यॉर्कचा बिल विल्सन, तिथूनच आला. मे १९३५ मध्ये ओहायोतल्या अक्रन शहरात, धंद्यात फटका बसलेला असताना, तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बारमधला गलबला, दुसरीकडे शहरातल्या चर्चची यादी. त्याने एका पाद्र्याला फोन लावला आणि बोलायला दुसरा दारूडा हवा म्हणाला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. १० जून १९३५ ला बॉबने शेवटचा घोट घेतला; संघटना आपला जन्म त्याच दिवसाचा मानते. आता तिथे कोणत्याही धर्माचा माणूस येतो आणि आपल्याला कळेल तसा देव मानतो. काका त्याला येशू म्हणतात.

१९४० मध्ये एड डाउलिंग नावाचे जेझुइट फादर विल्सनला भेटले. त्या बारा पायऱ्यांमध्ये त्यांना आपले संत इग्नेशियस लोयोला दिसले होते. इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली १५४८ मध्ये. त्यात एकच खोड धरून तिच्यामागे लागायची रीत दिली आहे. सकाळी उठताच निश्चय, दुपारच्या जेवणानंतर हिशेब, रात्री पुन्हा हिशेब. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. जितक्यांदा चुकलो तितके ठिपके. चुकल्याक्षणी हात छातीवर ठेवायचा, चारचौघांतही, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी ताडून पाहायचा. स्वतःवर चिडायला त्यात जागा नाही. मोजायचं आणि देवाकडे पुन्हा मदत मागायची.

सभेत सगळ्यांत अवघड असतं ते ‘स्लिप’ सांगणं. सोबर राहिलेला माणूस पुन्हा प्याला, हे उभं राहून बोलायचं. अशा वेळी मला संत ऑगस्टीन आठवतात. इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत झालेलं त्यांचं परिवर्तन सगळ्यांना ठाऊक असतं. पण बिशप झाल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ते कबूल करतात, की जुन्या सवयींची चित्रं अजून स्वप्नात येतात. आपल्या प्रवचनांत बाग खूप येते, हा दहावा भाग फारसा येत नाही. तो यायला हवा.

परिवर्तनानंतरही जुन्या सवयी उरतात, हे मुंबईच्या फादर ज्यो परेरांनी ओळखलं. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या या धर्मगुरूंनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं आणि बारा पायऱ्यांना आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. प्रार्थनेइतकंच शरीरालाही रोज कामाला लावावं लागतं, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

घरात असा माणूस असेल तर दोन गोष्टी करा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू नुसत्या शपथेवर एकाएकी बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तो सभेला येत नसेल तर तुम्ही जा. मद्यपींच्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या सभा भरतात, आणि तिथे जायला तुमचा माणूस सुधारलेला असण्याची अट नाही.