कोरी पाने चुलीत घालण्यापूर्वी

परवा एका वस्तीवर लागणीचा ऊस पाहायला गेलो होतो. वहिनींनी चहासाठी चूल पेटवली ती मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीची पाने टरकावून. मी म्हटले, “वहिनी, अर्धी वही कोरीच की!” त्या म्हणाल्या, “असू द्या साहेब. आता कागद उसाच्या चिपाडाचा करतात म्हणे. झाड थोडंच तोडावं लागतंय?”

वहिनींचे म्हणणे निम्मे खरे आहे. तमिळनाडूत करूरजवळ चिपाडापासून कागद करण्यासाठी १९७९ साली सरकारी पुढाकाराने कंपनी स्थापन झाली. आपल्या बांबूची आणि निलगिरीची तेवढी तोड वाचली, हे कबूल.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून थोडे जास्त चिपाड निघते आणि त्यातले निम्मे पाणीच असते. साखर कारखाना हेच चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ करतो. ते कागदाला दिले तर बॉयलरला दुसरे जळण हवे. तमिळनाडूतल्या त्या कागद कारखान्याने चिपाडाच्या बदल्यात साखर कारखान्यांना कोळसा पुरवला. चिपाडातला कर्ब उसाने गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो, तो जळला तर परत हवेत जातो. कोळशातला कर्ब मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला. तो वर आला की हवेत नवी भर पडते, आणि हवामान तापते ते अशा भरीने.

गुऱ्हाळवाल्यांना हे लवकर उमगेल. चुलवण नीट बांधलेले असेल तर काहिलीखाली जाळून चिपाड उरते. नाहीतर बाहेरचे जळण आणावे लागते. (चुलवणात टायर घालणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी.) साखर कारखान्याचेही तसेच. वाफेची काटकसर करून खरोखर उरलेले चिपाड असेल, तर त्याचा कागद चांगलाच.

पुढे चिपाडातला भुसा काढणे, कॉस्टिक सोड्यात शिजवणे, धुणे, आणि ओला कागद तापलेल्या रुळांवरून वाळवणे. यात पाणी लागते आणि वाफ तर फारच. म्हणून वहिनींनी जाळलेल्या पानांच्या धुराचे मला तितके वाईट वाटले नाही. त्यांच्या जागी जूनमध्ये नवी वही येणार, आणि तिच्यासाठी ही सगळी भट्टी पुन्हा पेटणार, हे खरे नुकसान.

पेटवणाला तुराट्या आहेत, वाळकी चिपाडे आहेत. लिहून भरलेल्या वह्या पोत्यात घालून माळ्यावर कोरड्या ठेवा आणि रद्दीवाल्याला द्या. आपल्या देशातले पुष्कळ कागद कारखाने रद्दीवरच चालतात, परदेशातूनही रद्दी आणतात. तेलकट, भिजून कुजलेला किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद मात्र त्यात घालू नका. त्याने चांगल्या रद्दीचाही भाव पडतो. रद्दीचा कागद पाच-सात वेळाच नवा होतो, दर खेपेला त्याचा तंतू आखूड होत जातो.

कोऱ्या पानांचे काय करायचे, हे तुमच्या आजोबांना विचारा. त्या दिवशी चहा उकळेपर्यंत वहिनींच्या मुलाने तीन जुन्या वह्यांतली कोरी पाने काढली, मी दाभण मागून घेतले. साठ पानांची वही शिवून झाली. पुठ्ठा जुन्याच वहीचा. दोरा थोडा सैल राहिला, पण गणिताच्या कच्च्या कामाला तेवढे चालते.