घर सोडावें लागतें तेव्हां

बालाघाटच्या डोंगरपठारावर वसलेलें आणि भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळें ओळखलें जाणारें लिंबागणेश हें बीड तालुक्यांतील गांव. समुद्र येथून शंभराहून अधिक मैल दूर. चक्रीवादळाची गांठ येथील माणसास बहुधा बातम्यांतूनच पडावयाची. पाण्याची चिंता येथें त्याच्या अभावाची. टँकरची वाट पाहण्यांत ज्यांचे उन्हाळे सरले, त्यांना पाण्याच्या भयानें घर सोडावयास सांगणें म्हणजे उपाशी माणसास अजीर्णाचें पथ्य सांगण्यासारखें वाटतें. परंतु याच डोंगररांगेंत उगम पावणाऱ्या बिंदुसरेनें २३ जुलै १९८९ रोजीं बीड शहरांतील वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि अनेकांचे प्राण घेतले. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टींत तर मराठवाड्यांतील नदीकांठच्या अनेक कुटुंबांना राहतीं घरें सोडून सुरक्षित जागीं आसरा घ्यावा लागला. तेव्हां घर सोडण्याचा प्रसंग हा केवळ किनाऱ्यावरील लोकांचाच नव्हे.

अशा वेळीं पाऊल बाहेर पडण्यास उशीर कां होतो? वाटेच्या अडचणीपेक्षां मनाची अडचण पुष्कळदां मोठी असते. गोठ्यांतील गुरें, कणगींतील ज्वारी, देव्हाऱ्यांतील देव मागें ठेवणें म्हणजे अर्धें आयुष्य मागें ठेवणें होय. शिवाय भीति ही नेहमीं भीतीच्याच रूपानें येते असें नाहीं; ती रागाचा वेष घेऊनही येते. मुलगा ओरडतो, नातवंडें रडतात, आणि वृद्ध आबा उंबऱ्यावर बसून, "याहून मोठे पूर पाहिलेत मी," असें बजावतात. हुकूम करावा तर ते अधिकच घट्ट बसतात. पण अशा वेळीं सून हंसून म्हणाली, "आबा, तुम्ही आला नाहींत, तर तिकडे चहा अगोड झाला म्हणून रुसायचं कोणी?" तर आबांचा मानही राहतो आणि पाऊलही उचललें जातें. पाणी चढत असतांना अशा रीतीनें वांचलेला अर्धा तास हा कधीं कधीं साऱ्या घराचा जीव असतो.

हें घडतें कसें? हंसतांना उच्छ्वास लांबतो, आंवळलेले स्नायू सैल पडतात आणि अडलेलें मन पुन्हां हलूं लागतें. लहान मुलें तर संकट आकाशाकडे पाहून ओळखीत नाहींत. तीं वडील माणसांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. सिग्मंड फ्रॉइड यानें १९२७ सालच्या विनोदावरील निबंधांत असा विचार मांडला आहे कीं, विनोदाच्या वेळीं मनांतील वडीलधारा भाग घाबरलेल्या भागास लहान लेकराप्रमाणें धीर देत असतो. कुटुंबांत हेंच काम एक माणूस दुसऱ्यासाठीं करूं शकतो.

निघण्याच्या घाईहूनही निवाऱ्यांतील वाट पाहणें कठीण. ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जें चक्रीवादळ आलें, त्यास 'निसर्ग' हें बांगलादेशानें सुचविलेलें नांव होतें. ज्या कोंकणच्या निसर्गाचे गोडवे पिढ्यान्‌पिढ्या गाइले गेले, त्याच नांवाच्या वाऱ्यानें नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तेव्हां करोनाची सांथ चालू होती. आसरा तर घ्यावयाचा, पण दाटी करावयाची नाहीं, असा तो दुहेरी पेंच होता. अशा कोंडलेल्या तासांत गांठोडीं सोडलीं म्हणजे घाईची गंमत बाहेर येते. कोणीं दोन्ही चपला डाव्याच आणलेल्या असतात. कोणीं कुलूप आणलेलें असतें, पण दाराला लावावयाचें राहिलेलें असतें. त्यावर हंसतां हंसतां आजी आपल्या लहानपणच्या पुराची गोष्ट सांगते, आणि एरवीं कामाच्या रगाड्यांत न भेटणारीं माणसें एका सतरंजीवर एकमेकांस भेटतात.

मात्र सर्वच हंसणें हितकर नव्हे. संकटाच्या सूचनेवर, "कांहीं होत नाहीं हो," असें म्हणून जो हंसतो, तो विनोद करीत नाहीं. तो डोळे मिटून घेतो. खरा विनोद संकट मान्य करतो, मात्र त्यास मनाचें धनीपण देत नाहीं. गोदाकांठच्या पैठणास एकनाथांनीं भारुडांतून लोकांस हंसवीत हंसवीत गंभीर गोष्टी सांगितल्या, त्यांतील मर्म हेंच. दुसरा नियम असा कीं, ज्याचें गेलें त्यानें आधीं हंसावें, इतरांनीं मग साथ द्यावी. ज्याच्या गोठ्यांतील बैल वाहून गेला, त्याच्याजवळ नुसतें बसणें हाच जिव्हाळा. तेथें थट्टेस जागा नाहीं. तसेंच घाबरटाच्या भीतीवर आणि म्हाताऱ्याच्या मंद चालीवर केलेलें हंसें जवळ आणीत नाहीं, दूर लोटतें.

म्हणून पावसाळ्यापूर्वीं कागदपत्रें, औषधें, विजेरी आणि पिण्याचें पाणी यांचें गांठोडें बांधून ठेवतांनाच घरांतील प्रत्येकास एकेक काम नेमून द्यावें. लेकराच्या हातीं विजेरी द्यावी, आबांकडे किल्ल्या द्याव्या. ज्याच्यावर कांहीं सोंपविलें आहे, तो ओझें होत नाहीं, सोबती होतो. पाणी ओसरल्यावर भिंतींवरील चिखल धुवून निघतो. पण त्या रात्रीं कोण कोणावर ओरडलें आणि कोणीं कोणास हंसविलें, हें घरांत पुढें वर्षानुवर्षें सांगितलें जातें.