सांगता न येणारी खाज : लायकेन स्क्लेरोसस आणि स्टेरॉइड मलमाचा योग्य वापर

शुगर, बीपी, गुडघेदुखी यांच्यावर आपल्या घरांत दस्तरखानावर बसूनही चर्चा होते. पण लघवीच्या जागेला खाज येते, तिथली कातडी पांढरी पडली आहे, चिरा पडून आग होते, हे आई मुलीला सांगत नाही आणि मुलगी आईला सांगत नाही. फार झालं तर मेडिकलमधून एखादी खाजेची ट्यूब मागवली जाते, तीही आजार काय आहे हे न सांगता. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच सुरू होतं. अशी वर्षं निघून जातात.

या खाजेमागे अनेक कारणं असू शकतात. त्यातलं एक कारण असं आहे की ज्याचं नाव बहुतेक कुटुंबांनी ऐकलेलंच नसतं, ते म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. वेळेवर ओळखला तर हा आजार चांगला आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केलं तर मात्र तो कायमचं नुकसान करतो. म्हणून या विषयावर स्पष्टपणे लिहिणं आम्हाला गरजेचं वाटतं.

हा आजार नेमका काय आहे?

लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार आहे. स्त्रियांमध्ये तो मुख्यतः योनीच्या बाहेरच्या त्वचेवर आणि गुदद्वाराभोवती होतो. आतल्या योनीमार्गावर सहसा होत नाही. कोणत्याही वयात होऊ शकतो, पण पाळी सुरू होण्याआधीच्या लहान मुली आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्यात जास्त दिसतो. पुरुषांनाही होतो, मात्र लहानपणी खतना झालेल्यांमध्ये क्वचितच.

कारण पूर्णपणे उलगडलेलं नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते, असं मानलं जातं. अशा स्त्रियांमध्ये थायरॉइडचे आजारही इतरांपेक्षा जास्त आढळतात. पण काही गोष्टी अगदी नक्की आहेत. हा आजार संसर्गजन्य नाही. तो पतीकडून येत नाही आणि पतीला लागत नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि चारित्र्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घरात संशयाचं वातावरण तयार होण्याआधी हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

लक्षणं कोणती?

सगळ्यात मोठं लक्षण खाज, आणि ती रात्री वाढते. झोप मोडते. त्वचा पांढरी, चकचकीत आणि पातळ कागदासारखी सुरकुतलेली दिसते. खाजवल्याने चिरा पडतात, कधी रक्त साकळल्यासारखे जांभळे डाग दिसतात. लघवी करताना झोंबतं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं. लहान मुलींना शौचाच्या वेळी इतकं दुखतं की त्या शौच दाबून धरतात आणि बद्धकोष्ठता सुरू होते. पोटाचं औषध दिलं जातं आणि खरं कारण तसंच राहतं.

उपचार झाले नाहीत तर आतले छोटे ओठ हळूहळू सपाट होऊन बाहेरच्या त्वचेत मिसळून जातात, कडा एकमेकींना चिकटतात, योनीचं तोंड आकसतं. एकदा झालेला हा बदल मलमाने मागे फिरत नाही. म्हणूनच "सहन होतंय तोवर सहन करू" हा विचार इथे महागात पडतो.

गफलत कुठे होते?

पांढरा डाग दिसला की घरात पहिला शब्द निघतो तो 'कोड'. कोडात त्वचेचा फक्त रंग जातो. ती पातळ होत नाही, सुरकुतत नाही, फाटत नाही आणि खाज सहसा नसते. दुसरी गफलत बुरशीच्या संसर्गाची. खाज म्हणजे अंगावरून जाणं किंवा फंगल, असं धरून तीच ती औषधं वर्षानुवर्षे दिली जातात. शुगर असलेल्या स्त्रियांना बुरशीची खाज होते हे खरं, त्यामुळे शुगर तपासावीच. पण औषध घेऊनही खाज पुन्हा पुन्हा परतत असेल तर त्या जागेची प्रत्यक्ष तपासणी झालीच पाहिजे. न पाहता, नुसतं ऐकून दिलेलं औषध इथे उपयोगाचं नाही. बहुतेक वेळा त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ नुसत्या नजरेने निदान करतात. शंका असेल किंवा उपचाराने फरक पडत नसेल, तर त्वचेचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात.

स्टेरॉइडची भीती आणि सत्य

या आजारावरचं पहिलं आणि सर्वात खात्रीचं औषध म्हणजे तीव्र स्टेरॉइड मलम, बहुतेकदा क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. इथेच गाडी अडते. डॉक्टर लिहून देतात, स्त्री घरी येऊन ट्यूबमधली चिठ्ठी वाचते. त्यावर लिहिलेलं असतं की नाजूक जागी लावू नये, त्वचा पातळ होते. मग घाबरून आठवड्यात मलम बंद.

ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्या देशात स्टेरॉइड मलमांचा गैरवापर प्रचंड आहे. गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर, गजकर्णावर, मनाला येईल तिथे ही मलमं चोळली जातात. त्याने चेहरा लाल होतो, केस उगवतात, गजकर्ण आणखी पसरतं. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला.

पण तेच औषध योग्य आजारात, योग्य जागी आणि मोजून वापरलं तर चित्र उलटं असतं. लायकेन स्क्लेरोससमध्ये त्वचा आजारामुळेच पातळ आणि कमकुवत होते. मलम तो दाह थांबवतं आणि त्वचा सावरते. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५०७ स्त्रियांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे नियमित मलम लावलं त्या ३५७ जणींपैकी एकीलाही त्या जागेचा कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बदल झाला नाही. ज्या १५० जणींनी अधूनमधून लावलं, त्यांच्यापैकी ७ जणींना झाला. म्हणजे आजार लांबला तर कर्करोगाचा धोका थोडा असतो, आणि नियमित उपचार तो कमी करतात. धोका मलम टाळण्यात जास्त आहे.

मलम कसं लावायचं?

डॉक्टर जे सांगतील तेच अंतिम. तरी सर्वसाधारणपणे दिली जाणारी पद्धत अशी असते :

– पहिले ४ आठवडे रोज रात्री एकदा.
– पुढचे ४ आठवडे एक दिवसाआड.
– त्यापुढचे ४ आठवडे आठवड्यातून दोनदा.

हिशेब करून पाहा. तीन महिन्यांत साधारण ५० वेळा मलम लागतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत मलमाची रेघ काढली तर ते अंदाजे अर्धा ग्रॅम होतं. एका वेळी त्याहून जास्त लागत नाही, बऱ्याचदा त्याच्या निम्म्यानेच भागतं. म्हणजे ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरते. महिन्यातच संपली तर जास्त लागतंय, आणि वर्षभर उरली तर कमी लागतंय, असं समजावं.

एकदा आरसा घेऊन पांढरी झालेली जागा नीट पाहून घ्या, किंवा डॉक्टरांकडूनच दाखवून घ्या. मलम तिथेच पातळ थरात लावायचं, मांडीला नाही. लावून झाल्यावर हात धुवा. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट बरं, कारण ते कमी झोंबतं. त्यात अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध मिसळलेली 'थ्री इन वन' ट्यूब पर्याय म्हणून स्वतःहून घेऊ नका. लहान मुलीला मलम किती आणि किती दिवस, हे तिच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

खाज काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होते, पण खाज थांबली म्हणजे आजार गेला असं नाही. त्वचेचा पांढरेपणा जायला महिने लागतात, कधी तो पूर्ण जातही नाही. त्यामुळे तीन महिन्यांनंतरही अनेकींना आठवड्यातून एक-दोनदा मलम चालू ठेवावं लागतं. बीपीची गोळी जशी आपण चालू ठेवतो, तसंच हे.

रमजानमध्ये काय, असा प्रश्न येतो. बाहेरच्या त्वचेवर मलम लावल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं सर्वसाधारण मत आहे. शिवाय हे मलम रात्रीच लावायचं असतं, त्यामुळे अडचण उरत नाही.

रोजची काळजी

इस्तिंजासाठी पाणी वापरणं चांगलंच आहे. त्रास होतो तो साबण, डेटॉलसारखी जंतुनाशकं, सुगंधी वॉश आणि पावडर यांमुळे. साधं पाणी पुरेसं आहे. जेट स्प्रेचा जोर कमी ठेवा, आणि न घासता मऊ सुती कापडाने टिपून घ्या. लघवी झोंबत असेल तर आधी थोडं साधं व्हॅसलीन लावा. मलमाच्या वेळी मात्र व्हॅसलीन थोडं अंतर ठेवूनच लावावं. सैल सलवार आणि सुती आतले कपडे वापरा. केस काढायची क्रीम अशा त्वचेला भाजते, म्हणून कात्रीने काळजीपूर्वक बारीक करणं बरं.

लगेच कधी दाखवायचं?

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, जाड खरखरीत झालेला भाग, किंवा कारण नसताना रक्त, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासणी हवीच. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. आणि पतीने इथे समजूतदारपणा दाखवला तर अर्धं दुखणं तिथेच हलकं होतं.

हया हा आपल्या ईमानचा भाग आहे. पण मदीनेच्या अन्सारी स्त्रियांनी लाजेपोटी प्रश्न विचारणं सोडलं नाही, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली होती. दीनची बाब विचारायला हया आड येत नसेल, तर इलाजासाठी ती का यावी? सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत त्वचारोग विभागाची ओपीडी असते. तिथे लेडी डॉक्टरांनी तपासावं असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आज घरी गेल्यावर अम्मीला, खालाला, सासूबाईंना एवढंच विचारा, "रात्री खाजेने झोप मोडते का?" कदाचित कित्येक वर्षांपासून त्या कुणीतरी हे विचारावं याची वाट पाहत असतील.