घर आणि हवा : लेखांक ९
जाळीपेक्षा स्क्रूकडे पाहा

मागच्या लेखात फ्लोरिडातल्या छपरांवरचे काळे ओघळ पाहिले. त्याच घरांच्या मागच्या अंगाला गेलं, की जाळीचा एक भलामोठा पिंजरा दिसतो. पोहण्याचा तलाव, भोवतीची फरसबंदी, बसायच्या खुर्च्या, सगळं त्याच्या आत. स्थानिक लोक त्याला ‘पूल केज’ म्हणतात. टॅम्पापासून नेपल्सपर्यंतच्या किनाऱ्यावर वस्त्याच्या वस्त्या अशा पिंजऱ्यांच्या आहेत. डास, डासांहून बारीक चावरी चिलटं आणि ओकचा पाचोळा बाहेर ठेवायचा, हा त्याचा मूळ हेतू. एखादी मगर अधूनमधून तलाव गाठते, तीही शक्यतो बाहेरच राहावी.

पिंजऱ्याची रचना साधी असते. ॲल्युमिनियमचे पोकळ खांब आणि आडव्या पट्ट्या, बहुधा पांढऱ्या किंवा गडद तपकिरी रंगाच्या. जाळी काचतंतूची, वर पीव्हीसीचा लेप. नेहमीची जाळी १८ बाय १४ची, म्हणजे इंचाला एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १४ धागे. चिलटांचा त्रास असेल तिथे २० बाय २०ची लावतात. जाळी चौकटीच्या खाचेत बसवून वरून एक रबरी दोरी दाबतात, ती स्प्लाइन. आणि हा सगळा डोलारा जोडलेला असतो स्क्रूंनी.

घरमालकाला खटकते ती हिरवी जाळी. जून ते सप्टेंबर तिथे दुपारच्या सरी जवळपास रोजच्याच, रात्री दव, हवेत दमटपणा असा की कोकणातला जुलै आठवावा. उत्तरेकडची बाजू आणि झाडाखालचे कोपरे आधी हिरवे होतात, कारण तिथे ऊन पोहोचत नाही. हे शेवाळ जाळी खात नाही. ते धूळ आणि ओल धरून ठेवतं, बारीक छिद्रं बुजवतं, आणि बुजलेल्या जाळीतून वारा जाऊ शकत नाही म्हणून चौकटीवरचा दाब वाढतो. तेवढ्यासाठी ते काढायला हवं. पण ते काढण्याच्या नादात जेवढे पिंजरे बिघडतात तेवढे शेवाळाने बिघडत नसावेत.

याचं कारण प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारणारा पंप. शेजाऱ्याकडे तो असतो, सिमेंटच्या फरशीवर त्याची करामत पाहिलेली असते, मग तोच जाळीवर रोखला जातो. त्या धारेने स्प्लाइन खाचेतून उडते, जाळी ताणून सैल पडते, खांबावरचा रंग उतरतो आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू वाहून जाते. शेवाळ मात्र वरवरचं गेल्यामुळे लवकरच परत उगवतं.

त्याला मारायला जोर लागत नाही, थोडा वेळ लागतो. एक भाग घरगुती ब्लीच, तीन-चार भाग पाणी, किंचित साबण. बागेच्या फवारणीपंपाने हे मिश्रण खालून वर मारायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि बागेच्या नळीने भरपूर पाण्याने धुवायचं. काम सकाळी किंवा ढगाळ हवेत करावं, कारण मिश्रण ॲल्युमिनियमवर वाळलं तर रंग आणि धातू दोन्हींना चावतं. बाहेरची झाडं आधी आणि नंतर पाण्याने चिंब करावीत. ब्लीचचे चार थेंब तलावात गेले तर घाबरायचं कारण नाही, द्रवरूप पूल क्लोरीन म्हणजे तेच रसायन, फक्त अधिक तीव्र. साबण मात्र फेस करतो.

धोका आहे तो शेजारच्या कपाटात. तलावाच्या पाण्यासाठी ठेवलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. एक दिवस एकच रसायन, एवढा नियम पुरे. नारिंगी डाग याच ठिकाणी फसवतात. खालच्या जाळ्यांवर स्प्रिंकलरचं पाणी उडत असेल आणि ते बोअरचं असेल, तर त्यातल्या लोहाने जाळी नारिंगी होते. त्यावर ब्लीच मारलं तर डाग जाण्याऐवजी पक्का बसतो. त्याला ऑक्झॅलिक आम्लाचा सौम्य क्लीनर लागतो, तोही ब्लीच पूर्ण धुतल्यावर, वेगळ्या दिवशी. त्याआधी स्प्रिंकलरचं तोंड वळवलेलं बरं.

इतका वेळ जाळीबद्दल बोललो, पण जाळी हा बदलण्याचाच भाग आहे. उन्हाने पीव्हीसीचा लेप कडक होतो. बोटाने दाबल्यावर जाळी पूर्ववत होत नसेल किंवा फाटत असेल, तर धुण्याचा उपयोग नाही. पिंजऱ्याचं आयुष्य ठरतं ते सांध्यांत.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. समुद्राच्या मिठातला क्लोराइड त्या थराला भोकं पाडतो, मग पांढरी भुकटी आणि खड्डे दिसू लागतात. गंमत अशी, की हे उघड्या भागावर कमी होतं. तिथलं मीठ पाऊस धुऊन नेतो. पट्ट्यांच्या खालच्या बाजू, छज्ज्याखालचे खांब आणि सांध्यांच्या आतल्या कडा पावसापासून सुरक्षित असतात, म्हणूनच तिथे मीठ साचत राहतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने महिन्याकाठी नळीने नेमक्या याच जागा धुवाव्यात. साध्या गोड्या पाण्याने. हे काम कंटाळवाणं आहे आणि केल्याचं दिसतही नाही, त्यामुळे ते फारसं कुणी करत नाही.

स्क्रू मुळात लेप दिलेल्या पोलादाचे असतात. लेप गेला की डोक्याभोवती तपकिरी कडं दिसतं आणि खाली रंगावर ओघळ येतो. ओघळ पुसून टाकू नका, तो कुठून आला ते पाहा. फरशीत रुतलेले तळपट्टीचे बोल्ट आधी तपासा, तिथेच पाणी साचतं. स्क्रू बदलताना एक काढून एक घालायचा, पूर्ण सांधा एकदम मोकळा करायचा नाही. स्टेनलेसचे घालायचे तर डोक्यावर लेप किंवा नायलॉनचं आवरण असलेले घ्यावेत, कारण खाऱ्या ओलीत दोन धातू भिडले की झिजतं ते ॲल्युमिनियम. कोपऱ्यांतले तिरपे तारदोर सैल नाहीत ना, हेही पाहावं. आणि वर चढू नये. त्या पट्ट्या वाऱ्याच्या हिशेबाने केलेल्या असतात, माणसाच्या वजनाच्या नव्हे.

घर आणि पिंजरा जिथे भेटतात तिथे एक रुंद पन्हळ असते, तिला सुपर गटर म्हणतात. ती पाणीही वाहते आणि पिंजऱ्याचा भारही पेलते. ओकच्या पानांनी ती तुंबली, की पाणी उलटं छपराच्या लाकडी कडेत शिरतं. वर्षातून दोनदा ती हाताने उपसावी, त्यातला एक हात वसंतातली ओकची पानगळ संपल्यावर.

दाराबद्दल दोन शब्द. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार नव्या तलावाला मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून सुरक्षेची एक तरी सोय लागते, आणि अनेक घरांत ती सोय म्हणजे हा पिंजरा. अशा वेळी दार तलावाच्या उलट दिशेला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं हवं. स्प्रिंग मिठाने अडली की दार बोटभर उघडं राहतं. हिरव्या जाळीआधी ते दुरुस्त करा.

१३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह पुंता गोर्दाजवळच्या किनाऱ्यावर आलं. घरं उभी राहिली तिथेही पिंजरे मोठ्या संख्येने कोसळले. तेव्हापासून त्यांचे नियम कडक झाले. काही पिंजरे वादळापूर्वी ठरावीक जाळ्या काढायच्या किंवा कापायच्या, या गृहीतावरच बांधलेले असतात. आपला तसा आहे का, हे मंजूर नकाशात लिहिलेलं असतं. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, नकाशा मे महिन्यातच काढून वाचावा.

पुढच्या आठवड्यात : तलावाचं पाणी आणि त्यातला फॉस्फेट.